घराची खासगी आणि एकट्याची आठवण

गेल्या माघांत आजीचें वर्षश्राद्ध झालें. त्या निमित्तानें तिच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका छापावी असें घरांत ठरलें, आणि लिहिण्यावाचण्याचा नाद मलाच असल्यामुळें तें काम माझ्याकडे आलें. आमचें घर भंडारा जिल्ह्यांत पवनीस, वैनगंगेच्या कांठीं. आजीची लोखंडी पेटी उघडली तेव्हां तींत दोन लुगडीं, जमिनीच्या जुन्या पावत्या, चष्म्याचें रिकामें घर आणि जमाखर्चाच्या चार वह्या निघाल्या. वह्यांत तांदूळ, तेल, कोष्ट्याला दिलेले पैसे, मुलांची फी असा रोजचा हिशोब होता. पण जेथें जेथें पान उरलें तेथें तेथें तिनें स्वतःपुरत्या कांहीं ओळी लिहिल्या होत्या. शाळा तिची चौथीपर्यंत. लिहिणें बोलण्यासारखें, म्हणजे आमच्या झाडीबोलीचें, जींत 'ळ' चा 'र' होतो आणि 'ण' चा 'न'. 'डोळे' हा शब्द तिच्या हातून 'डोरे' असाच उतरला आहे. तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशाच सहा ओळी आहेत. त्या माझ्या आत्याविषयीं आहेत, आणि त्यांतील गोष्ट आमच्या घरांत माझ्यासमोर कधीं कोणीं उच्चारलेली नव्हती.

त्या ओळी छापाव्या कीं नाहीं, ह्यावर काकांनीं आपलें मत एका वाक्यांत दिलें: घरचें घरांत राहावें. मला तें पटलें नाहीं. पण कां पटलें नाहीं हेंही नीट सांगतां येईना. आजीनें जें मुद्दाम लिहून ठेवलें तें वगळून आजीच्याच आठवणी छापणें हा लबाडपणा वाटत होता. छापणें हा त्याहून वाईट प्रकार असूं शकेल, अशीही शंका येत होती. कारण ती वही तिनें मला वाचावयास दिली नव्हती, मी पेटी उघडून बसलों होतों. तेविसाव्या वर्षीं माणसाला प्रत्येक प्रश्न जगांत आपल्यालाच प्रथम पडला असें वाटतें. तसें तें नसावें, ह्या आशेनें मी जुनीं पुस्तकें काढलीं. आपल्या भाषेंत घरच्या गोष्टी कोणीं, केव्हां आणि कोणत्या हक्कानें लिहिल्या, एवढेंच पाहावयाचें होतें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम शब्दच पाहूं. 'खासगी' हा शब्द फारसीवाटे आपल्याकडे आला. पण मराठी राज्यांत त्याचा अर्थ 'मनांतलें गुपित' असा नव्हता. खासगी म्हणजे धन्याच्या घरचें उत्पन्न आणि घरचा खर्च. दौलतीच्या हिशोबाहून निराळा ठेवलेला. होळकरांच्या राज्यांत खासगीचा कारभार राण्यांकडे असे, आणि अहल्याबाईंच्या दानधर्माशीं ह्या खासगीचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. म्हणजे खासगी होती ती घराची. एकट्या माणसाची खासगी ही कल्पना त्या शब्दांत शोधूनही सांपडत नाहीं. आपल्या जुन्या घरांची बांधणीही तेंच सांगते. ओसरी परक्यांस, माजघर घरच्यांस, देवघर देवास. पण एकट्यानें दार लोटून बसावें अशी जागा त्यांत नाहीं. बाळंतिणीस अंधारी खोली मिळे ती तेवढी एक, आणि तीही मोजक्या दिवसांपुरती. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो व्यक्तीचा हक्क म्हणून. काका 'घरचें घरांत' म्हणतात तेव्हां ते मात्र जुना, दौलतीच्या काळचा अर्थ बोलत असतात. तो अर्थ अडाणीपणाचा आहे असें मला म्हणवत नाहीं. कित्येक घरें त्याच्याच आधारानें तगलीं. तथापि अशा घरांत आजीच्या वहीची जागा कोठें, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. तिला खोली नव्हती. पेटी होती, आणि पेटींतल्या वहीचें उरलेलें पान होतें.

आमच्या गांवापुरतें बोलावयाचें तर एका स्त्रीनें स्वतःविषयीं लिहून ठेवलेली जुनी ओळ दगडावर आहे. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खातें ह्यांनीं मिळून पवनीच्या जगन्नाथ टेकडीचें उत्खनन केलें, तेव्हां इसवी सनापूर्वींच्या एका मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आले. तेथें सांपडलेल्या दगडांवर दान देणाऱ्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. त्यांत विसमिता नांवाची एक बाई आहे. तिनें दान दिलें, आणि तें सर्व प्राण्यांच्या सुखासाठीं असो एवढें कोरविलें. ती सुखी होती कीं दुःखी, तिच्या घरांत काय घडलें होतें, हें दोन हजार वर्षांनंतर कोणास कळावयाचें नाहीं. लहानपणीं त्या टेकडीवर खेळतांना मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. आतां ठाऊक आहे, आणि तिचा थोडा हेवाही वाटतो. जें जगाला सांगावयाचें तेवढेंच तिनें सांगितलें, आणि तिची पेटी उघडणारा नातू निघाला नाहीं.

ज्यांनीं ह्याहून अधिक सांगितलें त्यांपैकीं संत बहिणाबाईंचा उल्लेख आधीं केला पाहिजे. सतराव्या शतकांतल्या ह्या बाईंनीं आपल्या अभंगांत नवऱ्याचा मारसुद्धां लपविला नाहीं. पण संतांनीं जें सांगितलें तें देवापुढें सांगितलें, आणि देवापुढें कुटुंबाची अब्रू जात नाहीं अशी आपली समजूत आहे. म्हणून गद्याकडे वळलों. आणि तेथें जो मनुष्य भेटला त्याला पाहून मी चकित झालों. तो म्हणजे नाना फडणीस.

नानांचें नांव घेतलें कीं आपल्यापुढें उभा राहतो तो पुण्याचा मुत्सद्दी, बारभाईंच्या कारस्थानांतला, हिंदुस्थानांतल्या प्रत्येक दरबारची बातमी ज्याच्या कानीं येई तो. ह्या माणसानें आपल्या बाळपणाची व तारुण्याची थोडक्या पानांची एक हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. हकीकत थांबते ती १७६१ मध्यें, पानिपताहून परत आल्यावर लवकरच. म्हणजे तींत जो नाना आहे तो माझ्याहूनही लहान आहे. लहानपणीं देवपूजेचा खेळ कसा आवडे, हें तो सांगतो. पुढें तारुण्यांत मन कोठें कोठें धांवलें, कामवासनेनें कसा छळ मांडला, हें तो सांगतो, आणि त्यावरून स्वतःला बोल लावतो. ज्या समाजांत मोठ्या घरचा मुलगा वडिलांसमोर बायकोशीं बोलत नसे, त्या समाजांतल्या फडणिशीच्या धन्यानें हें कागदावर उतरविलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पानांचें वजन कळतें.

त्या पानांत आईही आहे. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर नाना उत्तरेस गेले तेव्हां तीर्थयात्रेच्या ओढीनें आई बरोबर होती, पत्नीही होती. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. नानांचें एकोणिसावें वर्ष पुरें व्हावयास तेव्हां एक महिना उणा होता. फौज फुटल्यावर त्यांनीं वेष टाकला, आडवाटेनें उपाशी चालत गेले आणि वांचले. पत्नी पुढें सुखरूप मिळाली. आई मिळाली नाहीं. जगावेगळ्या ह्या दुःखाविषयीं हा मुलगा, जो आपल्या वासनांविषयीं इतका मोकळा आहे, फार थोडें बोलतो. मीं हें पुन्हा पुन्हा वाचलें. स्वतःच्या दोषापुढें त्याची लेखणी अडखळत नाहीं. आईच्या अखेरीपुढें ती पाऊल आवरते. माझ्या मतें हा भेद त्यानें जाणूनबुजून केला असो वा नसो, तो खरा आहे. दोष त्याचा स्वतःचा होता. मृत्यु आईचा होता.

ही हकीकत १७६१ पाशींच कां तुटते, म्हणून इतिहासकार हळहळतात. मला हळहळ वाटत नाहीं. पुढचीं चाळीस वर्षें नानांच्या दप्तरांत दुसऱ्यांचीं गुपितें येऊन पडत राहिलीं. मेणवलीचें त्यांचें दप्तर केवढें मोठें, हें अभ्यासकांस ठाऊक आहे. ज्याच्या हातीं इतरांच्या घरांच्या किल्ल्या आल्या त्याला स्वतःविषयीं तसें मोकळें लिहिणें पुढें जमलें नसावें, असा माझा तर्क आहे, आणि तो केवळ तर्कच आहे. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. त्यानंतर तीस वर्षांच्या आंत ब्रिग्ज नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्या पानांचें भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापलें. पुण्याच्या मुत्सद्द्यानें देवापुढें दिलेली कबुली परक्या देशांत, परक्या भाषेंत प्रथम छापली गेली. नानांस हें आवडलें असतें काय? विचारावयास कोणी उरलें नव्हतें.

कागद लिहिणाऱ्याच्या हातून सुटला कीं तो कोणाचा, हा प्रश्न डॉ. आनंदीबाई जोशांच्या पत्रांत अधिक बोचतो. आनंदीबाई १८६५ सालीं जन्मल्या, नवव्या वर्षीं गोपाळरावांच्या घरीं आल्या, १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष सरण्यापूर्वींच, वारल्या. शिकविण्याच्या हट्टापायीं गोपाळरावांनीं लहानपणीं जो मार दिला त्याची आठवण त्यांनीं अमेरिकेंतून लिहिलेल्या एका पत्रांत काढली आहे. तें पत्र जगाला उद्देशून नव्हतें. ज्यानें मारलें त्यालाच लिहिलें होतें. नवरा-बायकोंमधली ती गोष्ट होती, सात समुद्रांच्या अंतरामुळें कदाचित् प्रथमच सांगतां आलेली. काशीबाई कानिटकरांनीं आनंदीबाईंचें चरित्र पत्रांसह १८८९ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हां ती सर्वांची झाली. आणि गोपाळराव तर त्यानंतर कित्येक वर्षें हयात होते.

काशीबाईंनीं हें योग्य केलें काय? प्रथम वाचलें तेव्हां मी बेधडक 'होय' म्हटलें. त्या पत्रावांचून गोपाळराव आपणांस केवळ पत्नीस शिकविणारे सुधारक म्हणून दिसले असते, आणि आनंदीबाई केवळ पतीची कीर्ति झाली असती. मुलीच्या शिक्षणासाठीं मुलीलाच मारावें, हा त्या काळच्या सुधारणेंतला पेंच त्या एका कागदानें उघड केला. आजही मी होयच म्हणेन. पण आतां तो शब्द उच्चारतांना थोडा वेळ लागतो. ज्या गोपाळरावांचा दोष त्यांत आहे त्यांनीं आपल्या नांवचें तें पत्र फाडून टाकलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या नांवावर मांडावयास हवी. आमच्या काकांच्या हातीं तें पडतें तर चुलींत गेलें असतें. (काका हें वाचतील. त्यांस राग येणार नाहीं, असें समजून लिहीत आहें.)

रमाबाई रानडे ह्यांचें पुस्तक १९१० चें. त्याच्या नांवाकडे मीं पूर्वीं लक्ष दिलें नव्हतें: 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. माझ्या नव्हे, आमच्या. आणि सर्व नव्हे, कांहीं. ह्या दोन शब्दांत बाईंनीं दाराची कडी किती उघडावयाची तें ठरवून टाकलें आहे. तरीही त्या कांहीं आठवणींत घरांतल्या वडील बायकांनीं त्यांच्या शिकण्याचा केलेला छळ आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनीं वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून १८७३ सालीं अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें, ती हकीकतही आहे, आणि ती मुलगी म्हणजे स्वतः लेखिका. ती सांगतांना त्यांच्या भाषेंत कडवटपणा येत नाहीं. कित्येक नवे वाचक ह्यावरून त्यांस भित्र्या ठरवितात. मला तसें वाटत नाहीं. ज्या छळाविषयीं त्या लिहितात तो छळ करणाऱ्या बायकाही त्याच घरच्या कैदी होत्या, हें त्यांस दिसत होतें.

लक्ष्मीबाई टिळकांपाशीं आलों आणि मी एकदम घरीं आलों; लाक्षणिक अर्थानें नव्हे, खरोखरच. नारायण वामन टिळक १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास निघाले असतां आगगाडीच्या डब्यांत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणें धर्मावर गेलें, आणि त्यानें नवा करार टिळकांच्या हातीं ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नागपूर-राजनांदगांव हा लोहमार्ग त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यांतून आरपार जातो: भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया. (गोंदियाचा जिल्हा १९९९ सालीं निराळा झाला.) तें संभाषण आमच्या धानाच्या बांध्यांवरून गेलें असेल. डब्यांत लक्ष्मीबाई नव्हत्या. ज्या प्रवासानें त्यांचा संसार उभा चिरला त्याची त्यांस तेव्हां वार्ताही नव्हती. पुढें कित्येक वर्षें नवऱ्याविना काढून १९०० सालीं त्यांनीं स्वतः तोच मार्ग धरला.

त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून १९३६ पर्यंत भागाभागानें निघालीं. शेवटचा भाग निघाला तेव्हां त्या हयात नव्हत्या. टिळकांच्या चरित्रासाठीं आठवणी हव्यात म्हणून मुलानें लिहावयास बसविलें, आणि लिहितां लिहितां ज्याचें चरित्र व्हावयाचें तो बाजूस राहून एक सबंध घर उभें राहिलें. वडिलांचें सोवळ्याचें वेड, सासऱ्यांचा राग, नवऱ्याचा विसराळूपणा आणि सढळ हात, उभयतांचीं भांडणें, धर्मांतरानंतरचा आकांत; काय नाहीं त्यांत? आपल्या काकांच्या न्यायानें पाहिलें तर त्यांतलें एक पानही छापावयास नको होतें. मग वाचतांना कोणाच्या पेटींत हात घातल्यासारखें कां वाटत नाहीं? मला वाटतें, कारण हसें होतें तें प्रथम त्यांचें स्वतःचें. आपला अडाणीपणा, आपली भीति, आपला हट्ट त्या आधीं चव्हाट्यावर मांडतात, मग नवऱ्याकडे वळतात. आणि तोंपर्यंत वाचक त्या घरचाच होऊन गेलेला असतो. पानिपतावरून आलेला मुलगा आणि ही बाई ह्यांच्यांत दुसरें काय साम्य आहे? दोघांनींही प्रथम स्वतःचीच झडती दिली.

इतकें वाचून झालें तरी माझ्या सहा ओळी जेथल्या तेथें होत्या. मी माझा दोष सांगत नव्हतों. मी आजी नव्हतों, आत्याही नव्हतों. शिवाय एक साधी गोष्ट मला फार उशिरा दिसली, आणि ती दिसल्यावर स्वतःची लाज वाटली. नाना वारल्यावर त्यांचीं पानें छापलीं गेलीं. आनंदीबाई वारल्यावर त्यांचीं पत्रें. माधवराव १९०१ सालीं गेले, मग रमाबाईंचें पुस्तक. टिळक १९१९ सालीं गेले, मग लक्ष्मीबाईंचें. माझी आत्या जिवंत आहे. छापूं नये म्हणणाऱ्या काकांनीं आणि छापावें म्हणणाऱ्या मीं, दोघांनींही तिला विचारलें नव्हतें. घराची अब्रू त्यांची, सत्याची चाड माझी, आणि गोष्ट जिची तिला पत्ता नाहीं.

आत्या तुमसरास राहते. पवनीहून एस.टी.नें भंडाऱ्यास आणि भंडारा रोडहून आगगाडीनें तुमसर रोडपर्यंत गेलों. टिळक ज्या मार्गानें गेले तोच मार्ग, वही मांडीवर. दुपारीं पोंचलों. तिनें आधीं जेवावयास घातलें, मग चष्मा लावून दारापाशीं उजेडांत बसली. हिशोबाचीं पानें तिनें एकेक करून वाचलीं, कोणाला किती दिले तें पुटपुटत. शेवटच्या पानावर ती किती वेळ थांबली हें मीं मोजलें नाहीं. मग म्हणाली, "मले मालूम होतं, बाबू. मायनं लिहून ठेवलं, हे मालूम नव्हतं."

पुस्तिकेंत ह्या ओळी घेऊं का, असें मीं विचारलें. त्याचें उत्तर तिनें दिलें नाहीं. पान फाडूं नको आणि ही वही माझ्यापाशीं राहूं दे, एवढें म्हणाली. मीं होय म्हटलें. म्हणून त्या ओळी पुस्तिकेंत नाहींत, आणि येथेंही मीं दिलेल्या नाहींत. वाचकांस राग आला तर तो माझ्यावर यावा.

उठतांना तिनें पुन्हा एकदां तें पान उघडलें आणि कडेच्या तांदळाच्या भावावर बोट ठेवलें. हा भाव त्या सालचा नव्हे, पुढच्या सालचा आहे, ती म्हणाली. त्या सालीं धान बुडालें होतें, इतका स्वस्त तांदूळ कोठून मिळेल? म्हणजे आजीनें त्या ओळी घडल्या तेव्हां लिहिल्या नव्हत्या. वर्षभर तें पान कोरें ठेवलें होतें, आणि मग बाजारांतून आल्यावर एके दिवशीं हिशोब मांडतांना लिहिल्या होत्या.